खोडणं आणि खोडून काढणं : औषधपाण्याच्या अफवा, पर्यायी मंच आणि कात्री

अर्धविराम (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:४२

हा धागा काढावा की नाही यात आठवडा गेला. शेवटी ज्या मावशीमुळे काढतेय तिलाच विचारलं. ती म्हणाली, "काढ की. तुझ्या त्या हुशार मंडळींना म्हणावं, मला उत्तर द्या."

तर मावशी. स्तनाचा कर्करोग, अगदी लवकर सापडलेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, मावशीने "विचार करून सांगते" म्हटलं आणि त्या विचारात दोन महिने गेले. विचार कुठे चालला होता ते मला परवा कळलं : रात्री पांघरुणात, मोबाईलवर. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ जर्दाळूच्या बीमधल्या गराने गाठ कशी विरघळते ते फार प्रेमळ आवाजात सांगतात. आवाज खरंच प्रेमळ आहे. मीही दोन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले.

मी म्हटलं, "मावशी, अगं याला काही आधार?"

"यूट्यूबवरून हाकललं त्यांना. निव्वळ थाप असती तर हाकललं कशाला असतं? हसून सोडून दिलं असतं."

मला उत्तर सुचलं नाही. गेली काही वर्षं असे व्हिडिओ दिसले की इमानेइतबारे 'रिपोर्ट' करणाऱ्यांतली मी आहे. एखादा उडाला की गड जिंकल्यासारखं वाटायचं. आता कळतंय की तो उडत नाही, घर बदलतो. टेलिग्राम, रंबल, बिटशूट, ओडिसी, सबस्टॅक. तिथे 'हाकललेला' ही पदवी असते. जुन्या घरात निदान खाली कुणी तरी लिहायचं की बाबांनो, या बियांनी सायनाइडची विषबाधा होते. नव्या घरात सगळे भक्तगण.

बरं, कात्री चालवणाऱ्यांचा हिशेब बघावा तर तोही सरळ नाही. फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'कोविडचा विषाणू मानवनिर्मित आहे' हा दावा बंदीच्या यादीत घातला आणि २६ मे २०२१ ला यादीतून काढला. मधल्या काळात विषाणू काही बदलला नव्हता. यूट्यूबने कोविडचे नियम मे २०२० मध्ये आणले, सप्टेंबर २०२१ मध्ये सगळ्याच लशींना लावले, ऑगस्ट २०२३ मध्ये कर्करोगाच्या खोट्या उपचारांकडे मोर्चा वळवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोविडचा वेगळा नियम गुंडाळून ठेवला. ट्विटरने कोविडच्या खोट्या माहितीविरुद्धच्या नियमाखाली ११ हजारांवर खाती बंद केली आणि मालक बदलल्यावर २३ नोव्हेंबर २०२२ पासून तो नियम लावणंच सोडून दिलं. एका सहीने खोटं ठरायचं, दुसऱ्या सहीने चालून जायचं. मावशीने कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा?

आपल्या भाषेत 'खोडणं' आणि 'खोडून काढणं' अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला रबर पुरतं, दुसरीला डोकं लागतं. मला वाटतं या सगळ्या वर्षांत आपण रबरावर भागवलं. तुमचं काय मत?

(लस घ्यावी की नाही यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, हात जोडते.)

टिंब | सोमवार, रात्री ११:५०

पहिला! खुर्ची पकडली आहे.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:१५

पूर्ण अनुमोदन. 'अफवा' हा शिक्का कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला डॉक्टर मित्रांच्या गटात लिहिलं की सार्ससारखे रुग्ण दिसताहेत, जपा. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून 'खोटी माहिती पसरवली' अशा कागदावर त्यांची सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० ला ते कोविडनेच गेले.

आणि दूर कशाला जायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० ला 'तथ्य' असं ठळक लिहून जाहीर केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. यूट्यूबचा नियम काय होता? या संघटनेच्या किंवा स्थानिक आरोग्य यंत्रणेच्या म्हणण्याविरुद्ध जाणारं चालणार नाही. म्हणजे हवेतून पसरतो असं तेव्हा सांगणारे शास्त्रज्ञ कागदोपत्री अफवाखोरच की!

पोटातल्या अल्सरचंही तेच. जंतूमुळे होतो म्हणणाऱ्या बॅरी मार्शल यांच्यावर आधी हसले. १९८४ मध्ये त्यांनी स्वतः तो जंतू पिऊन दाखवला, २००५ मध्ये नोबेल मिळालं. ते आज असते आणि व्हिडिओ टाकला असता तर उडाला असता.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:०५

मी अतिदक्षता विभागात काम करते, त्यामुळे माझं मत एकतर्फी असेल हे आधीच सांगते.

शंकासुर, मार्शल हयात आहेत हो. 😀 पण मुद्दा तो नाही. ली वेनलियांग यांनी जे स्वतः पाहिलं ते सहकाऱ्यांना सांगितलं. मार्शल यांनी प्रयोग केला आणि वैद्यकीय नियतकालिकात छापला. ज्यांना त्यांच्या चुका काढायच्या होत्या त्यांना पुरावा हाताशी होता. मावशींचे पांढरे कोटवाले काय करतात? व्हिडिओच्या खाली बिया विकतात. 'गळचेपी झालेला' या एकाच पाटावर तिघांना बसवू नका.

अर्धविराम, तुझा 'डोकं लागतं' हा मुद्दा मला कळतो. पण डोक्याला वेळही लागतो. इराणमध्ये २०२० च्या सुरुवातीला 'दारूने विषाणू मरतो' अशी अफवा पसरली आणि मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं मेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर हल्ला करतं. वाचलेल्यांतले कितीतरी आंधळे झाले. अशा ठिकाणी मी आधी रबर उचलेन, डोकं उद्या.

आता मावशींसाठी, हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखव. २०१८ साली अमेरिकेतल्या कर्करोग संस्थेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि आतडं यांचे न पसरलेले कर्करोग असलेल्या, पण नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांचा. त्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. एकट्या स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. लवकर सापडलेला कर्करोग हीच त्यांच्याकडची सगळ्यात मोठी दौलत आहे, आणि ती दर आठवड्याला खर्च होतेय.

जुनी खोड | मंगळवार, रात्री ९:२०

धाग्याच्या नावात आमचं नाव आल्यामुळे आलो.

जर्दाळूच्या बियांची ही गोष्ट इंटरनेटच्या आधीची आहे. त्या गरात अमिग्डालिन असतं, त्याचं औषध म्हणून 'लेट्राइल' नावाने १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रचंड प्रस्थ होतं. सरकारी औषध खात्याने अडवलं, तर लोकांनी 'उपचार निवडण्याचं स्वातंत्र्य' म्हणून चळवळ उभारली. वीसहून अधिक राज्यांनी ते कायदेशीर केलं. रुग्ण सीमा ओलांडून मेक्सिकोत जायचे. म्हणजे पर्यायी मंच तेव्हाही होता, फक्त तिकीट काढून जावं लागायचं.

शेवटी त्यांच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ठरवलं, होऊ दे एकदा चाचणी. १७८ रुग्णांना लेट्राइल दिलं, बरोबर आहार, जीवनसत्त्वं, सगळं त्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे. १९८२ मध्ये निकाल छापला : बरं कुणीही झालं नाही, आजार थांबलाही नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीच्या जवळ पोचलं. पोटातून घेतलं तर आतड्यातले जंतू त्यातून सायनाइड मोकळं करतात, म्हणून बिया खाणं हे इंजेक्शनपेक्षा वाईट.

याला म्हणायचं खोडून काढणं. त्यानंतर ते प्रस्थ ओसरलं. संपलं नाही, हे अर्धविरामच्या मावशी सांगतीलच. चाळीस वर्षांनी तेच बी पुन्हा रुजलंय.

टिंब | मंगळवार, रात्री ९:२४

"तिकीट काढून जावं लागायचं" 😂 खुर्ची वसूल.

निसर्गमित्र_७ | बुधवार, सकाळी ६:३०

सगळं औषध कंपन्यांचं कारस्थान. पेटंट मिळत नाही म्हणून स्वस्त उपाय दाबतात. माझ्या ओळखीतल्या तिघांना क्लोरिन डायऑक्साइडच्या थेंबांनी गुण आला, त्यात एक कर्करोगाचा. कृती अशी : *[संपादित]*. इथे मिळेल : *[संपादित]*. पटलं तर घ्या, नाही तर सोडा. कुणावर जबरदस्ती नाही.

संपादक | बुधवार, सकाळी ८:१०

निसर्गमित्र_७ यांच्या प्रतिसादातून थेंबांचं प्रमाण, मिसळण्याची कृती आणि विक्रेत्याचा दुवा काढला आहे. मत जसंच्या तसं ठेवलं आहे. हरकत असेल तर याच धाग्यावर मांडावी.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:३१

घ्या! धाग्याच्या पानावरच कात्री. संपादक, मला त्या थेंबांवर काडीचा विश्वास नाही, पण काय काढलं ते वाचल्याशिवाय मी कसं ठरवू?

टिंब | बुधवार, सकाळी ८:३३

याला म्हणतात प्रात्यक्षिकासह व्याख्यान.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:००

काय काढलं ते मी सांगते. सोडियम क्लोराइट आणि एखादं आम्ल. दोन्ही मिसळलं की क्लोरिन डायऑक्साइड तयार होतो, कागद आणि कापड पांढरं करायला वापरतात ते विरंजक. प्यायलं की उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं. उलट्या झाल्या की विकणारे सांगतात, "बघा, विष बाहेर पडतंय." रुग्ण जितका आजारी पडेल तितकं औषध लागू पडतंय, असा हा धंदा. अमेरिकेत स्वतःला 'चर्च' म्हणवून हे द्रावण विकणाऱ्या बाप आणि तीन मुलांना २०२३ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं.

संपादकांचे आभार. प्रमाण लिहिलेलं राहिलं असतं तर कुणीतरी रात्री दोन वाजता करून बघितलं असतं. जागा कुठली का असेना, रात्री दोन वाजता वाचणारा माणूस घाबरलेलाच असतो.

अर्धविराम | बुधवार, दुपारी १:१५

गंमत बघा. धागा मी काढला कात्रीविरुद्ध आणि सकाळच्या कात्रीचा मला राग आला नाही. का नाही, यावर डबा खाताना विचार करत बसले.

संपादकांनी काय काढलं ते सांगितलं, का ते पुढच्या प्रतिसादात कळलं, माणसाला हाकललं नाही, हरकत घ्यायला जागा ठेवली. मोठ्या कंपन्यांकडून काय येतं? 'तुमचा मजकूर आमच्या निकषांत बसत नाही.' कुठला निकष, कुणी ठरवलं, चुकलं तर कुणाला भेटायचं, काही नाही. २०२१ च्या शेवटी बीएमजेसारख्या जुन्या वैद्यकीय नियतकालिकालाही हा अनुभव आला. लशीच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ढिसाळ कामावर त्यांनी शोधलेख छापला. फेसबुकवर त्यावर 'संदर्भ अपुरा' छापाची पट्टी लागली, शेअर करणाऱ्यांना इशारे गेले. संपादकांना थेट झुकरबर्ग यांना खुलं पत्र लिहावं लागलं. बीएमजेची ही गत, तर आपलं कोण ऐकतो!

वकिली बाणा | बुधवार, रात्री १०:०५

थोडं कोरडं लिहितो, सांभाळून घ्या.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय : बोलणं आणि विकणं. बोलण्यावर कायदा हात टाकायला कचरतो आणि कचरावंच. विकण्यावर मात्र ग्राहक कायदे जुने आहेत आणि त्यांना चांगले दात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या बेल गिब्सन यांचं प्रकरण घ्या. मेंदूचा कर्करोग आहारावर बरा करतेय असं सांगत त्यांनी ॲप आणि पुस्तक विकलं. २०१५ मध्ये कबूल केलं की कर्करोग कधी नव्हताच. २०१७ मध्ये न्यायालयाने ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, ग्राहकांची फसवणूक म्हणून. त्यासाठी कुणाला 'सत्य मंत्रालय' काढावं लागलं नाही. आणि हे सगळं कुठल्या आडवाटेच्या मंचावर नाही, इन्स्टाग्राम आणि ॲपलच्या राजरस्त्यावर चाललं होतं.

बोलण्याच्या बाजूला सरकार पडद्याआडून कंपन्यांना दामटतं तेव्हा प्रश्न अवघड होतो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन समाजमाध्यमांबद्दल "ते लोकांना मारताहेत" असं म्हणाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकच्या झुकरबर्ग यांनी लिहून दिलं की कोविडच्या मजकुराबद्दल सरकारी दबाव होता. त्याआधी २६ जून २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावरचा दावा ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला, पण तो 'दावा लावण्याचा हक्क सिद्ध झाला नाही' एवढ्यावर. मूळ प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. दोन्ही बाजू आपण जिंकलो म्हणतात ते त्यामुळे.

जुनी खोड | गुरुवार, सकाळी ७:४०

वकीलसाहेब, 'राजरस्ता' आवडलं. त्यात भर घालतो. गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात महागडी वैद्यकीय अफवा कुठल्या टेलिग्रामवर आली नव्हती, ती 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. फेब्रुवारी १९९८, वेकफील्ड नावाचे ब्रिटिश डॉक्टर, १२ मुलं आणि गोवराच्या लशीचा ऑटिझमशी जोडलेला खोटा संबंध. मागे घ्यायला लॅन्सेटला फेब्रुवारी २०१० उजाडलं. आणि त्याच लॅन्सेटने सर्जिस्फिअर या कंपनीच्या बनावट आकड्यांवरचा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध कोविडमध्ये देण्याबद्दलचा लेख २०२० मध्ये १३ दिवसांत मागे घेतला. फरक कशाने पडला? दुसऱ्या वेळी शेकडो डोळे आकडेवारी मागत होते. पहिल्या वेळी खणायला एकटा पत्रकार होता.

आता शंकासुरसाठी. 'आधी हसले, मग नोबेल' ही गोष्ट मलाही आवडते, पण तिचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. विल्यम मॅकब्राइड, ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञ. गरोदर बायकांना दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळं व्यंग घेऊन जन्मतात, असं १९६१ मध्ये लॅन्सेटला पत्र लिहून जगाला सावध करणाऱ्यांपैकी एक. खरा नायक. पुढे याच माणसाने डेबेन्डॉक्स या गरोदरपणातल्या उलट्यांवरच्या औषधावर तसाच आरोप केला. तोवर त्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य झालं होतं. खटल्यांच्या ओझ्याने कंपनीने १९८३ मध्ये औषध बाजारातून काढलं. १९९३ मध्ये मॅकब्राइड यांनी प्रयोगातले आकडे फिरवल्याचं सिद्ध झालं आणि त्यांचा परवाना गेला. तेच औषध नंतर सुरक्षित ठरून दुसऱ्या नावाने परत आलं.

एकच माणूस, एकदा बरोबर, एकदा लबाड. काल कुणाची गळचेपी झाली यावरून आजचं म्हणणं तपासता येत नाही. प्रत्येक वेळी नव्याने आकडे मागावे लागतात. कंटाळवाणं आहे खरं.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ८:०२

मॅकब्राइडचं माहीत नव्हतं. हे लागलं. थोडा वेळ गप्प बसतो.

टिंब | गुरुवार, सकाळी ८:०३

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

मूकवाचक | गुरुवार, रात्री ११:३०

वर्षानुवर्षं नुसती वाचते इथे, पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांगा.

सगळे खोडणं आणि खोडून काढणं यावर बोलताहेत. मला तिसरी गोष्ट दिसते : वेळेवर न बोलणं. सामोआ या पॅसिफिकमधल्या छोट्या देशात जुलै २०१८ मध्ये गोवराची लस दिल्यावर काही मिनिटांत दोन तान्ही बाळं गेली. लस चांगली होती. नर्सनी ती पाण्याऐवजी चुकून स्नायू सैल करणाऱ्या औषधात कालवली होती. सरकारने लसीकरण थांबवलं आणि ते कित्येक महिने थांबलेलंच राहिलं. त्या पोकळीत लसविरोधकांनी स्वतःची गोष्ट भरली, आणि त्यांच्या हाताशी दोन खरी मेलेली बाळं होती. लसीकरण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. दोन लाख वस्तीच्या देशात ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. तेव्हा सरकारने काय केलं? घराघरांवर लाल कापड बांधायला सांगून फिरती पथकं पाठवली, हे छान झालं. आणि एका लसविरोधकाला त्याच्या लिखाणासाठी अटक केली. अटक डिसेंबर २०१९ मध्ये. बाळं गेली जुलै २०१८ मध्ये. मधले सतरा महिने कुणी घरोघर जाऊन "चूक आमच्या माणसांकडून झाली, ती अशी झाली, पुन्हा होऊ नये म्हणून हे केलं" एवढं सांगितलं असतं तर?

पर्यायी मंचांवर लोक जातात ते तिथे खरं मिळतं म्हणून नव्हे. तिथे कुणीतरी रोज बोलत असतं. माझ्या आईच्या डॉक्टरांनी तिला चार मिनिटं दिली. त्या व्हिडिओवाल्यांनी दीड तास दिला.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४:५०

मूकवाचक, चार मिनिटं हे खरं आहे. मला त्याचं उत्तर नाही. आज बारा खाटांना दोघी होतो.

वकिली बाणा | शुक्रवार, सकाळी ९:१०

+१. आणि मूकवाचक, तुम्ही इतकी वर्षं गप्प का होतात?

अवांतर : त्या 'दीड तासा'चे पैसे कुठून येतात तेही बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतले पर्यायी उपचारांचे प्रचारक डॉ. मर्कोला यांनी जाहीर केलं की सेन्सॉरशिपमुळे ते आपले लेख ४८ तासांनी स्वतःच काढून टाकणार. पुढे जुने लेख सबस्टॅकवर वर्गणीदारांना मिळू लागले. वर्गणीतला दहा टक्के वाटा मंचाचा. बंदी ही जाहिरात, आणि दहा टक्के घरभाडं.

अर्धविराम | शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री मावशीकडे गेले होते. फोनवर हा धागा उघडून दिला आणि गप्प बसले. तिने चष्मा लावून सगळा वाचला, टिंबच्या प्रतिसादांवर हसली. रात्रपाळीचे 'पाच पट' वाचून पुढे गेली, काही बोलली नाही. जुनी खोड यांच्या लेट्राइलपाशी थांबली.

"म्हणजे यांनी करून बघितलं होतं? त्यांच्याच पद्धतीने?"

"हो. १७८ जणांवर."

"मग हे कोटवाले का नाही सांगत? माझ्या जन्माच्या वेळचं नाही ना, १९८२ चं आहे."

मी काहीच म्हटलं नाही. दोन महिने मीच बोलत होते.

आज सकाळी तिचा फोन आला. मंगळवारची वेळ घेतली आहे, "तू पण ये, आणि त्यांना चार मिनिटांच्या वर बसवून ठेव" म्हणाली. व्हिडिओ बघणं बंद केलेलं नाही. बियांची पुडी अजून कपाटात आहे, ती मी मागितली, दिली नाही.

शंकासुर | शुक्रवार, रात्री १०:४०

मावशींना माझा नमस्कार सांगा. आणि मंगळवारी त्यांच्या सोबत जाच.

त्या १७८ जणांच्या चाचणीबद्दल मला दोन शंका आहेत. बुधवारी लिहितो.